डोंगरवाटेची शब्दसंपदा : कास ते चांदोली

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• भूरूपवाचक शब्दांमधील अर्थभेद सांगता येतील.
• स्थलनामांतून गतकाळाची माहिती कशी मिळते, हे स्पष्ट करता येईल.
• स्थळवर्णन लिहिताना नेमक्या शब्दाची निवड करता येईल.

१. प्रास्ताविक

पाऊस ओसरला आणि आकाशाला उघडीप मिळाली की शरद ऋतूत सातारा-सांगलीच्या डोंगरांत भटकंती करणाऱ्यांची पावले वळतात. साताऱ्याहून कास पठार, तेथून बामणोली, नावेने शिवसागर ओलांडून वासोटा आणि दक्षिणेला चांदोलीचे अरण्य असा हा प्रदेश आहे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत २०१२ साली कास, कोयना आणि चांदोली यांचा समावेश झाला. त्याआधी २०१० मध्ये कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. या घटकात आपण हा प्रदेश त्याच्या शब्दांतून पाहणार आहोत.

२. डोंगराचे शब्द

'डोंगर चढून गेलो' या वाक्यातून वाचकाला फारसे काही दिसत नाही. डोंगरात राहणाऱ्या माणसाला मात्र वाट सांगायची असते, म्हणून तो डोंगराचे भाग पाडतो. सरळ तुटलेला तो 'कडा', एकाकी उभा खडक तो 'सुळका', दोन उंचवट्यांमधली वाट ती 'खिंड', पाण्याने खोदलेली अरुंद दरी ती 'घळ', किल्ल्याच्या माथ्याखालची सपाटी ती 'माची'. वासोट्यावरचा बाबूकडा पाहिला म्हणजे 'कडा' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

यांतील अनेक शब्द शरीर आणि घरसंसार यांतून आले आहेत. डोंगराला माथा, खांदा, कूस आणि पायथा असतो. उतरत गेलेल्या धारेला 'सोंड', उतारावरच्या सपाट पट्ट्याला 'पदर', तर खडकातील आरपार छिद्राला सुईवरून 'नेढे' म्हणतात. ही रूपके कवीने अलंकार म्हणून योजलेली नाहीत. अनोळखी आकार ओळखीच्या वस्तूवरून सांगण्याची ती व्यवहारातील सोय आहे. रूपक हे दैनंदिन भाषेचेही अंग असते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

'सडा' हा शब्द विशेष लक्षात घ्या. अंगणातला सडा आपल्याला माहीत आहे. सह्याद्रीत मात्र माथ्यावरच्या विस्तीर्ण, खडकाळ सपाटीला सडा म्हणतात. पाटण तालुक्यातील सडावाघापूर आणि चांदोलीतील झोळंबीचा सडा ही नावे या अर्थानेच पडली आहेत. रूप एक असले तरी येथे अर्थ संदर्भावरून ठरतो.

३. पाण्याचे शब्द

'तळे', 'तलाव', 'टाके', 'डोह' आणि 'जलाशय' हे शब्द एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. टाके किल्ल्यावर खडकात खोदलेले किंवा बांधलेले असते. डोह हा नदीच्या पात्रातला खोल भाग. जलाशय मुख्यतः धरणाचा. सातारा शहराला पाणी पुरविणाऱ्या कासच्या पाण्याला लोक 'तलाव' म्हणतात. कोयना धरणाच्या पाण्याला 'शिवसागर' आणि वारणेवरील चांदोली धरणाच्या पाण्याला 'वसंतसागर' ही नावे आहेत. येथे 'सागर' हा शब्द आकार सांगतो, तसाच गौरवही सुचवतो.

या गौरवनामाची दुसरी बाजूही अभ्यासकाने पाहावी. वाहत्या नदीला जागोजागी नावे असतात : अमुक डोह, तमुक पाणवठा, पलीकडे जाण्याचा उतार. जलाशय भरला की ही लहान नावे एका मोठ्या नावाखाली बुडतात. ती वापरणारी माणसेही उठून जातात. कोयनेच्या विस्थापितांना सोलापूर, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत नव्याने घरे मांडावी लागली. चांदोलीतील काही विस्थापित सांगली जिल्ह्याच्या सखल भागात आले. सपाटीवरच्या शेतात 'सोंड' आणि 'नाळ' यांचे काम पडत नाही, आणि काम नसलेला शब्द पुढच्या पिढीपर्यंत सहसा पोहोचत नाही.

४. नावात राहिलेला इतिहास

वासोट्याच्या पायथ्याशी नाव लागते, ते ठिकाण मेट इंदवली. 'मेट' म्हणजे किल्ल्याच्या वाटेवरील पहाऱ्याची जागा. तेथील वस्ती उठली, पहारा तर त्याहून आधी संपला. तरी येथे कधीकाळी पहारेकरी राहत होते, ही माहिती त्या दोन अक्षरांनी जपली आहे. वासोट्याचे 'व्याघ्रगड' हे दुसरे नाव या अरण्यातील वाघाची आठवण देते. नकाशा जागा कोठे आहे ते दाखवतो. तेथे कोण राहिले आणि का राहिले, हे पुष्कळदा नावच सांगते.

५. लेखनात उपयोग

पुढील दोन वाक्यांची तुलना करा.
(अ) आम्ही डोंगरावरून सुंदर तलाव पाहिला.
(आ) सोंडेवरून खिंडीत उतरताना झाडीपलीकडे जलाशयाचा एक फाटा दिसला.

दुसऱ्या वाक्यात 'सुंदर' हे विशेषण नाही, तरीही दृश्य उभे राहते. नेमके नाम सापडले की विशेषणाची गरज कमी होते.

६. सारांश

भूरूपवाचक शब्द गरजेतून जन्मतात, परिचित वस्तूंच्या रूपकांवर वाढतात आणि ते वापरणारा समाज जागेवरून हलला की क्षीण होतात. म्हणून अशा शब्दांची नोंद करणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष काम आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. वही आणि ऐकण्याची तयारी पुरते.

स्वाध्याय

१. 'सडा' या शब्दाचे दोन अर्थ वाक्यात उपयोग करून स्पष्ट करा.
२. जलाशय निर्माण झाल्याने स्थलनामांवर होणारा परिणाम सोदाहरण लिहा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडून डोंगर, नदी किंवा शेतवाटेचे दहा शब्द मिळवा. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्यांच्याच बोलीतील वाक्यासह नोंदवा. त्यांचे मूळ गाव बदलले असल्यास आता वापरात नसलेल्या शब्दांवर खूण करा.