खुर्चीची किंमत की हाताची? बेसबॉलच्या 'क्लोजर'कडून शिकायचा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण अमेरिकेतल्या बेसबॉलचं एक उदाहरण घेतलं होतं. वेळेअभावी आकडे भराभर सांगावे लागले, म्हणून ते इथे नीट मांडतोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी हे तीन आकडे बघा : ४५, २, ४२.

राफाएल सोरियानो नावाच्या एकाच खेळाडूची २०१०, २०११ आणि २०१२ या तीन वर्षांची ही कमाई. ४५ वरून थेट २ वर, आणि तिथून परत ४२ वर. हा माणूस एका वर्षात खेळ विसरला आणि पुढच्या वर्षी परत शिकला, असं झालं का? तसं नाही. मग काय झालं, तोच आजचा धडा.

आधी खेळ समजून घेऊ

बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. सामना नऊ इनिंगचा. सुरुवात करणारा पिचर दमला की मॅनेजर त्याला काढून दुसरा आणतो. या मागून येणाऱ्यांना रिलीव्हर म्हणतात. क्रिकेटपेक्षा एक मोठा फरक लक्षात ठेवा : एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे कोणाला कधी वापरायचं, हा निर्णय फार जपून घ्यावा लागतो.

संघ थोड्या धावांनी पुढे असताना शेवटची, म्हणजे नववी इनिंग टाकायला जो ठरलेला रिलीव्हर येतो, तो क्लोजर. आपल्याकडच्या डेथ ओव्हरच्या बॉलरसारखा समजा. त्याने आघाडी टिकवून सामना संपवला की त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लागतो. जेरोम होल्ट्झमन या शिकागोच्या क्रीडा पत्रकाराने ही कल्पना मांडली आणि १९६९ पासून तो अधिकृत आकडा झाला.

सेव्हचा नेहमी लागू होणारा नियम असा : संघ तीन किंवा त्याहून कमी धावांनी पुढे असावा, पिचरने निदान एक पूर्ण इनिंग टाकावी आणि सामना त्यानेच संपवावा. आता गंमत बघा. आठव्या इनिंगला समोर सगळ्यात तगडे तीन बॅटर आले आणि एका रिलीव्हरने तिघांनाही बाद केलं, तरी त्याला सेव्ह मिळत नाही. नवव्या इनिंगला तीन कच्चे बॅटर बाद करणाऱ्याला मिळतो. अवघड काम एकाचं, आकडा दुसऱ्याचा.

फँटसीवाले सेव्ह का विकत घेतात?

१९८० मध्ये डॅनियल ओकरेंट या लेखकाने मित्रांना घेऊन 'रोटिसरी लीग' सुरू केली. प्रत्येकाला लिलावासाठी ठरावीक बजेट आणि त्यात खरे खेळाडू घ्यायचे. त्यांची खऱ्या सामन्यांतली आकडेवारी म्हणजे तुमचे गुण. मोजायच्या आकड्यांत सेव्ह पहिल्यापासून होता.

मागणी-पुरवठा लगेच दिसतो. मेजर लीगमध्ये आज ३० संघ आहेत, म्हणजे पूर्णवेळ क्लोजरच्या खुर्च्या जास्तीत जास्त ३०. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकाला दोन-तीन क्लोजर हवे असतात, म्हणजे २४ ते ३६ जणांची मागणी. माल कमी, गिऱ्हाईक जास्त, भाव चढणारच. पण हा भाव नक्की कशाला दिला जातो? हाताला की खुर्चीला?

(जाता जाता : इथे आपण फक्त हिशोब शिकतोय. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर भारतात २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे. त्या वाटेला जाऊ नका.)

सोरियानोचं कोडं

२०१० मध्ये सोरियानो टँपा बे रेज संघाचा क्लोजर होता : ४५ सेव्ह. ते बघून न्यूयॉर्क यांकीजनी त्याच्याशी तीन वर्षांचा ३.५ कोटी डॉलरचा करार केला. पण यांकीजकडे क्लोजरच्या खुर्चीवर मारियानो रिव्हेरा बसलेला होता, या कामातला सगळ्यात मोठा खेळाडू. सोरियानोला आठवी इनिंग मिळाली. त्या वर्षी त्याला दुखापत झाली, मारा आधीइतका धारदारही नव्हता. पण अगदी उत्तम खेळला असता तरी सेव्ह फारसे मिळालेच नसते, कारण खुर्ची त्याची नव्हती. २०११ अखेर सेव्ह २.

मे २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत सामन्याआधी सराव करताना रिव्हेराचा गुडघा दुखावला आणि त्याचा हंगाम संपला. आधी डेव्हिड रॉबर्टसनला संधी मिळाली, पण तोही जखमी झाला. मग सोरियानो खुर्चीवर बसला आणि ४२ सेव्ह घेतले.

असंच दुसरं उदाहरण. १९९६ मध्ये यांकीजचा क्लोजर जॉन वेटलँड होता : ४३ सेव्ह. त्याच्या आधी येणारा तरुण रिव्हेरा त्या वर्षी जवळपास १०८ इनिंग टाकून १३० बॅटरना स्ट्राइकआउट करून गेला, पण त्याचे सेव्ह फक्त ५. हंगाम संपल्यावर वेटलँड टेक्सासला गेला, खुर्ची रिव्हेराला मिळाली आणि १९९७ मध्ये त्याचे सेव्ह झाले बरोबर ४३! पुढे ६५२ सेव्ह घेऊन तो निवृत्त झाला. ज्याने १९९६ मध्ये सेव्हऐवजी स्ट्राइकआउट बघितले, त्याला हा माणूस स्वस्तात मिळाला असता.

खुर्ची नसली की पगारही कमी मिळतो. डेलिन बेटान्सेस यांकीजचा जबरदस्त रिलीव्हर होता, पण बहुतेक वेळ क्लोजर नव्हता. २०१७ मध्ये त्याने ५० लाख डॉलर मागितले, क्लबने ३० लाख देऊ केले. प्रकरण लवादापुढे गेलं आणि क्लब जिंकला. क्लोजर नसताना क्लोजरचा भाव मागतोय, हाच क्लबचा मुद्दा होता.

खुर्ची का हलते?

२०२५ चे यांकीज बघा, एकाच हंगामात सगळी कारणं सापडतील. डेव्हिन विल्यम्स क्लोजर म्हणून आला. सुरुवात वाईट झाली, एप्रिल संपायच्या आत त्याला काढून ल्यूक वीव्हरला बसवलं. जूनमध्ये वीव्हरच्या मांडीचा स्नायू दुखावला, विल्यम्स परत आला. जुलैच्या शेवटी खेळाडू अदलाबदलीच्या मुदतीला डेव्हिड बेडनारला पिट्सबर्गहून आणलं आणि खुर्ची त्याच्याकडे गेली. तिकडे पिट्सबर्गची रिकामी खुर्ची डेनिस सँटानाला मिळाली.

म्हणजे कारणं मुख्यतः तीन : खराब कामगिरी, दुखापत आणि वरच्यांनी केलेला सौदा. यातलं पहिलंच काय ते थोडंफार खेळाडूच्या हातात असतं.

बदल आधी कसा ओळखायचा?

मुरलेले फँटसी खेळाडू सेव्हचा आकडा सगळ्यात शेवटी बघतात. आधी या पाच गोष्टी तपासतात :

१. हाताची ताकद : स्ट्राइकआउट किती, फुकट दिलेले वॉक किती. वॉक वाढले आणि चेंडूचा वेग ताशी दीड-दोन मैलांनी उतरला, तर सेव्ह मिळत असले तरी खुर्ची डगमगतेय.

२. आठवी इनिंग कोण टाकतोय : आघाडी कमी असताना मॅनेजर वारंवार कोणाला बोलावतो? पुढचा उमेदवार बहुतेकदा तोच.

३. विश्रांती की बदल : क्लोजर लागोपाठ दोन-तीन दिवस खेळला असेल, तर पुढच्या दिवशी दुसऱ्याला सेव्ह मिळणं साहजिक आहे. एका सेव्हवर उडी मारू नका. मूळ क्लोजर ताजातवाना असूनही बाकावर बसलाय का, ते बघा.

४. बोलणं आणि वागणं : 'आमचा याच्यावर पूर्ण विश्वास आहे' असं मॅनेजर म्हणतो आणि नवव्या इनिंगला दुसऱ्यालाच पाठवतो. अशा वेळी वागणं खरं धरा.

५. संघाची अवस्था : हरणारा संघ जुलैमध्ये आपला क्लोजर विकायला काढतो. नव्या संघात क्लोजर आधीच असेल, तर विकत आणलेल्याला आठवी इनिंग मिळते आणि त्याचे सेव्ह आटतात.

खुर्ची विकणारे हुशार लोक

ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे बिली बीन यांनी हा हिशोब उलटा वापरला. त्यांच्याकडे पैसा कमी. त्यांचं म्हणणं साधं होतं : चांगला हात स्वस्तात घ्या, खुर्चीवर बसवा, सेव्ह जमले की बाजार स्वतःहून भाव वाढवतो, मग विका.

डिसेंबर २००२ चा सौदा बघा. ओकलंडचा बिली कोक त्या वर्षी ४४ सेव्ह घेऊन बसला होता. शिकागो व्हाइट सॉक्सच्या कीथ फोकचे २००१ मध्ये ४२ सेव्ह होते, पण २००२ मध्ये त्याची खुर्ची काढून घेतली गेली आणि आकडा ११ वर आला. बीन यांनी कोक देऊन फोक घेतला (सौद्यात इतर खेळाडूही होते). २००३ मध्ये ओकलंडला फोकने ४३ सेव्ह दिले. शिकागोत कोकचा मारा घसरला, सेव्ह ११.

शिकागोने ४४ चा आकडा बघितला. ओकलंडने हात बघितला.

आता तर कामच बदलतंय

आणखी एक पायरी आहे. २०१६ मध्ये बाल्टिमोरचा झॅक ब्रिटन ४७ पैकी ४७ संधी सेव्ह करून आला होता. टोरोंटोविरुद्धचा 'हरलो तर घरी' सामना २-२ बरोबरीत अकराव्या इनिंगपर्यंत गेला. पाहुणा संघ असल्यामुळे बाल्टिमोरने आघाडीची वाट बघत ब्रिटनला राखून ठेवलं. एडविन एन्कार्नासियोनने दुसऱ्याच पिचरला तीन धावांचा होमरन मारला आणि सामना संपला. हंगामातला सगळ्यात भरवशाचा हात न वापरताच घरी गेला.

त्याच महिन्यात क्लीव्हलँडने उलटं केलं. अँड्र्यू मिलरला पाचव्या, सहाव्या, सातव्या, जिथे सामना अडकलाय त्या इनिंगला आणलं. क्लोजर कोडी अ‍ॅलनच राहिला, पण अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेचा मानकरी मिलर ठरला. पुढे रेज संघाने तर २०२१ च्या एका हंगामात डझनाहून जास्त पिचरमध्ये सेव्ह वाटले. फँटसीवाल्यांनीही नियम बदलले. अनेक लीगमध्ये आता सेव्हबरोबर 'होल्ड', म्हणजे मधल्या इनिंगला आघाडी टिकवणाऱ्याचा आकडाही मोजतात.

आपल्या धंद्यात हे कुठे लागतं?

तीन ठिकाणी.

माणूस घेताना. मोठ्या ब्रँडमधून आलेला सेल्समन म्हणतो, 'साहेब, मी तिथे महिन्याला इतका धंदा करायचो.' तो त्याचा हात होता की ब्रँडची खुर्ची? नवीन गिऱ्हाईक त्याने स्वतः किती आणली, ते विचारा. आणि तुमच्याकडेच आठवी इनिंग टाकणारा एखादा पोरगा आहे का, तेही बघा.

चालू धंदा विकत घेताना. गल्ला बघून गुडविल देऊ नका. गल्ला जागेमुळे आहे, जुन्या मालकाच्या ओळखीमुळे आहे की मालाच्या चवीमुळे? मालक गेल्यावर यातलं काय उरेल, तेवढ्याचेच पैसे द्या.

स्वतःची कमाई मोजताना. हे सगळ्यात महत्त्वाचं. एकाच कंपनीला डबे पुरवणारी ताई, एकाच कारखान्याचं जॉबवर्क करणारा दादा, एकाच अ‍ॅपवर वरच्या नंबरला असणारा विक्रेता. यांचे आकडे छान दिसतात, पण ते सेव्ह आहेत. दुसऱ्याने दिलेल्या खुर्चीवर मिळालेले. परचेस मॅनेजर बदलला, अ‍ॅपचा नियम बदलला, की ४५ चे २ व्हायला वेळ लागत नाही. खुर्ची मिळाली तर जरूर बसा, त्यात कमीपणा काहीच नाही. फक्त तिच्या भरवशावर मोठं कर्ज उचलू नका. आणि बसलेले असताना हात तयार ठेवा : दर्जा, वेळेवर माल, स्वतःची ग्राहकांची यादी. सोरियानोला २०१२ मध्ये संधी नशिबाने मिळाली, पण ४२ वेळा सामना संपवला तो त्याच्या हाताने.

गृहपाठ

१. मागच्या बारा महिन्यांची विक्री ग्राहकानुसार लिहा. प्रत्येक नावापुढे 'हात' किंवा 'खुर्ची' लिहा. हे गिऱ्हाईक तुमच्या कामासाठी येतं, की कोणीतरी पाठवतं म्हणून येतं?

२. सगळ्यात मोठी खुर्ची उद्या गेली तर दुकानाचं भाडं, पगार आणि हप्ते किती महिने निघतील? आकडा लिहा.

३. वरच्या पाच खुणांपैकी कोणती खूण तुमच्या मोठ्या ग्राहकाकडे दिसतेय? ऑर्डर लहान झाल्यात का? पेमेंट उशिरा येतंय का? तुमच्यासारखाच दुसरा सप्लायर 'ट्रायल'ला आलाय का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तीन महिन्यांपेक्षा कमी आलं, तर या आठवड्यात बाकी सगळं बाजूला ठेवा आणि एका नवीन ग्राहकाला भेटून या. पुढच्या भागात आपण तीन महिन्यांची गंगाजळी कशी उभी करायची, ते बघू. तोपर्यंत वही पूर्ण करा!