जुगाराचा आजार : आधी पैशाची वाट अडवा

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते खेळणं हा सणाचाच भाग मानला जातो. सकाळी पितरांची घागर भरायची, दुपारी पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण, मग माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर आणि पुरुष मंडळी पारावर पत्ते घेऊन बसलेली. त्या दिवशी घरातली मोठी माणसंही फारसं बोलत नाहीत. याच सणाला सालदाराचं साल संपतं, वर्षाचा हिशेब होतो आणि हातात रोकड येते. म्हणजे खेळायची मोकळीक आणि खेळायला पैसा, दोन्ही एकाच दिवशी. तरीही आखाजीला पत्ते कुटलेली बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी शेताची वाट धरतात. थोडी माणसं मात्र परतत नाहीत. ती झन्नामन्नाच्या अड्ड्यावर, मटक्याच्या टपरीवर, व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये किंवा मोबाइलच्या पडद्यावर अडकून पडतात. आजचा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याहूनही जास्त त्यांच्या घरच्यांसाठी.

पहिली गोष्ट ठामपणे सांगतो. जुगाराचं व्यसन हा आजार आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांच्या गटात घेतला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो व्यसनांसोबतच आहे. पोटात काही जात नसलं तरी मेंदूत डोपामाइनचा तोच खेळ चालतो. खेळ बंद केला की चिडचिड, झोप उडणं, जीव कासावीस होणं, हे सगळं दारू सोडणाऱ्यासारखंच दिसतं. त्यामुळे ‘याला घरादाराची लाज नाही’ असं म्हणून काही साधत नाही. लाज त्याला पुरेपूर असते. ती लपवण्यासाठीच तो खोटं बोलायला लागतो.

आता हा आजार कशाने जोर धरतो ते पाहू. जुगारात किती पैसे लावले यापेक्षा एक डाव संपून दुसरा किती वेळात सुरू होतो, हे मला डॉक्टर म्हणून जास्त महत्त्वाचं वाटतं. मटक्याचंच बघा. त्याचं मूळ न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागणाऱ्या पैजेत आहे. पुढे मुंबईत १९६२मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला. कल्याणच्या नावाने आपल्याकडच्या टपऱ्यांवर आजही चिठ्ठी फाडली जाते. एका आकड्यावर दहा रुपये लावले तर दहातून एकदा लागणार आणि लागल्यावर साधारण नव्वद मिळणार. शंभर लावणाऱ्याच्या हाती सरासरी नव्वदच येणार, हे गणित पाचवीतलं पोरही करेल. मटक्याने हजारो संसार बुडवले, त्याची भलामण करण्याचं काहीच कारण नाही. पण त्यात ओपनचा पहिला आकडा आणि क्लोजचा दुसरा आकडा यांच्या मध्ये काही तास जायचे. तेवढ्या वेळात माणूस कामाला लागायचा, कुणी भेटायचं, खिशातले पैसे संपायचे.

मशीनने हा मधला वेळच काढून टाकला. गेमचं पार्लर असो, चक्री असो, बिंगो असो की मोबाइलवरचं रोलेट, बटण दाबल्यापासून निकाल लागेपर्यंत काही सेकंद जातात. चार सेकंदांचा एक डाव धरा. तासाला नऊशे डाव होतात. दहा रुपयांच्या प्रत्येक डावात मशीनने सरासरी फक्त पन्नास पैसे ठेवून घेतले, तरी तासाला साडेचारशे रुपये गेले, म्हणजे शेतमजुराची जवळजवळ दिवसभराची मजुरी. शिवाय मनोरंजनाचा परवाना दाखवून आत चोरून पैशांवर चालवलेल्या मशीनने किती ठेवून घ्यायचं, हे कुणी तपासत नाही. ते चालवणाऱ्याच्या हातात असतं.

या मशीनमध्ये आणखी दोन खुब्या आहेत, त्या वाचकांनी नीट समजून घ्याव्यात. तीनपैकी दोन चित्रं जुळतात आणि तिसरं एका घराने हुकतं. खरं तर हे हरणंच आहे. पण मेंदूच्या तपासण्यांत असं दिसलंय की असं थोडक्यात हुकल्यावर मेंदूचे तेच भाग जागे होतात, जे जिंकल्यावर होतात. खेळणाऱ्याला वाटतं, आता लागणारच. दुसरी खुबी म्हणजे दहा रुपये लावल्यावर सहा परत देणं आणि ते देताना दिवे लावणं, गाणं वाजवणं. चार रुपये गेले, पण कानाला ऐकू आलं ते जिंकल्याचं संगीत. माझ्याकडे येणारे तरुण सांगतात की एका ठरावीक वेळेनंतर जिंकायचंही डोक्यात राहत नाही. नुसतं बटण दाबत राहायचं असतं. भूक, तहान, घरून येणारे फोन, काहीच जाणवत नाही. जिंकलेले पैसे घेऊन तो उठत नाही, कारण उठणं हेच त्याला जमेनासं झालेलं असतं.

इंग्लंडमध्ये याचा मोठा अनुभव आहे. तिथे बाजारपेठेत पैजेची परवानाधारक दुकानं असतात आणि त्यांतल्या मशीनवर दर वीस सेकंदांना शंभर पौंडांपर्यंत लावता यायचे. कर्जबाजारी झालेले लोक आणि मुलं गमावलेले आईबाप वर्षानुवर्षं ओरडत राहिले, तेव्हा कुठे एप्रिल २०१९पासून ही मर्यादा दोन पौंडांवर आली. परवाना, तपासणी, कर सगळं असलेल्या देशातली ही कथा. जवळच्या गोव्यातही १ फेब्रुवारी २०२०पासून स्थानिकांना कॅसिनोत मज्जाव केला गेला. महाराष्ट्राने कॅसिनोला वाट देणारा, कधीच अंमलात न आलेला १९७६चा कायदा २०२३मध्ये रद्दच केला, हे फार बरं झालं.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. पैशांवर चालणारे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. या कायद्यात खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘डॉक्टर पोलिसांना कळवतील’ या भीतीने लोक दवाखान्यात येत नाहीत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे. निर्धास्त या.

घरच्यांनी ओळखायचं कसं? दारूला वास असतो, याला नसतो. दोन प्रश्न पुरेसे आहेत, ते शांतपणे विचारा. आधीपेक्षा जास्त जास्त पैसे लावावेसे वाटतात का? किती लावले याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तरी डॉक्टरांना दाखवा. याशिवाय मोबाइल उलटा ठेवणं, मजुरी मिळालेल्या दिवशीच उशीर होणं, बायकोच्या चांदीच्या दागिन्यांपैकी एखादा ‘दुरुस्तीला’ जाणं आणि परत न येणं, कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांचे फोन नातेवाइकांना येणं, याही खुणा आहेत. हरलेले पैसे भरून काढायला पुन्हा खेळणं ही तर या आजाराची सर्वांत पक्की खूण.

एक गोष्ट डॉक्टर मंडळींकडूनही निसटते. कंपवातावरची प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं आणि काही मानसिक आजारांत दिलं जाणारं अॅरिपिप्राझोल यांमुळे क्वचित एखाद्याला अचानक जुगाराची ओढ लागते. आयुष्यभर पत्त्याला हात न लावलेले आजोबा एकाएकी लॉटरीच्या दुकानात जाऊ लागले, तर त्यांची गोळ्यांची पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी मनाने बंद करू नका.

आता मुख्य सल्ला. शपथा घेऊ नका, घालू नका. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आठवड्यात मोडते आणि मग अपराधाच्या ओझ्याने तो आणखी खेळतो. ‘लग्न लावून दिलं की सुधारेल’ हा उपाय तर कृपा करून कुणी करू नये. त्यात एका परक्या मुलीचा संसार पणाला लागतो. भगताकडे जायची श्रद्धा असेल तर जा, पण दवाखाना टाळू नका.

मशीनने जो मधला वेळ काढून घेतला तो आपण परत घालायचा. हात आणि पैसा यांच्यात अंतर निर्माण करायचं. मजुरीचे, मिरचीचे, कापसाचे पैसे ज्या खात्यात येतात ते दोघांच्या सहीचं करा. एटीएम कार्ड पत्नीकडे किंवा आईकडे द्या. त्याच्या मोबाइलमधून पैसे पाठवायची सोय काढून टाका. काही महिने साधा फोन वापरायला त्याने स्वतःहून तयार व्हावं, असा प्रयत्न करा. बचत गटाचे आणि लाडकी बहीण योजनेचे पैसे बहिणींनी त्याच्या हाती देऊ नयेत, रडला तरी देऊ नयेत. जिथे पार्लर आहे त्या रस्त्याने जायचं नाही, पगाराच्या दिवशी कुणीतरी सोबत राहायचं. हे सगळं त्याच्याशी बोलून, तो शांत असताना ठरवा. लपूनछपून केलेली नाकेबंदी तो आठ दिवसांत फोडतो.

आणि त्याचं कर्ज एकरकमी फेडू नका. आईबापाच्या मनाला हे सर्वांत जड जातं, मला माहीत आहे. पण जमीन गहाण टाकून कर्ज मिटवलं की त्याच्या मेंदूला एकच निरोप जातो, की पाटी कोरी झाली, आता पुन्हा खेळता येईल. सगळी कर्जं एका कागदावर लिहून काढा, त्याच्याच कमाईतून थोडी थोडी फेडू द्या. आपल्या नंदुरबारच्या तालुक्यांतून बारडोली, सुरतकडे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत तर याची झळ फार लांब जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल त्याने जुगारात घालवली, तरी कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. तिने एक डावही न खेळता पूर्ण हंगाम ती उचल फेडायची. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. उचल घेताना मुकादमासमोर बायकोने बसावं आणि पैसे तिच्या हाती द्यावेत, असा आग्रह गावानेच धरायला हवा.

उपचार काय असतो? मुख्यतः बोलणं, पण शिस्तीचं बोलणं. ओढ केव्हा येते, त्याआधी मनात काय चाललेलं असतं, ‘आता लागणारच’ हा विचार खोटा कसा, हे आम्ही रुग्णासोबत पायरीपायरीने तपासतो. ओढ आली की ती चढते आणि काही वेळाने उतरते. तेवढा वेळ कसा काढायचा याचा सराव करून घेतो. दारूसाठी वापरलं जाणारं नाल्ट्रेक्झोन काहींना उपयोगी पडतं. सोबत नैराश्य किंवा दारू असेल तर त्यावरही उपचार लागतो. पुन्हा एखादा डाव खेळला गेला, तर सगळं वाया गेलं असं समजू नये. त्याच आठवड्यात परत यावं.

एका धोक्याबद्दल न घाबरता बोलायला हवं. या आजारात आत्महत्येचं प्रमाण मोठं असतं, विशेषतः कर्ज उघडं पडतं त्या दिवसांत. ‘मी नसलो तर बरं होईल’ असं तो म्हणाला, तर धमकी समजू नका. जीव द्यायचा विचार मनात येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही. त्याला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकं कुलपात किंवा शेजाऱ्याकडे ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ज्या वेळी भांडायचा मोह सर्वांत जास्त होतो, नेमकी तीच वेळ जपण्याची असते.

नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग विचारा. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या पाड्यावरून लगेच येणं जमत नसेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. रुग्ण यायला तयार नसेल तरी पत्नीने, आईने किंवा भावाने एकट्याने यावं. पहिल्या भेटीला येताना बँकेचं पासबुक, कर्जांची यादी आणि चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणा.