स्टिअरिंग जड, सोबत घूंघूं आवाज

प्रश्न : अमेरिकेत जुनी शेव्हरोले पी-३० चासीची मोटरहोम घेतली. पार्क करताना स्टिअरिंग जड जातं, घूंघूं आवाज येतो. पॉवर स्टिअरिंगचा पंप बदलू का?

उत्तर : लगेच नको. आधी स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकण उघडून तेल बघा. तेलावर फेस असेल, तर पंप हवा ओढतोय. टाकीकडून पंपाकडे येणारी नळी आणि तिचा क्लॅम्प तपासा. मग पुढची चाकं उचलून भक्कम स्टँडवर घ्या आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. बुडबुडे निघतील, तेल उतरेल तसं भरत राहा. बेल्टही दाबून पाहा, सैल असतो बऱ्याचदा.

मला खरी काळजी ब्रेकची वाटते. या चासीच्या अनेक गाड्यांत ब्रेकला जोर देणारा हायड्रोबूस्टही याच पंपावर चालतो. पेडल कडक लागत असेल, तर गाडी रस्त्यावर काढूच नका.