न आलेल्यांची हजेरी

परोपकाराची इच्छा असणें ही एक गोष्ट आहे, आणि कोणाला कशाची गरज आहे हें ओळखणें ही दुसरी. पहिली असून दुसरी नसली म्हणजे काय होतें तें आपण गांवोगांव पाहतों. हिंवाळा सरत आल्यावर कोणी घोंगड्या वाटतो. ज्या पाड्यावरील बायांना पाण्यासाठीं कोसभर चालावें लागतें, तेथें कोणी पाट्या-पेन्सिली पाठवितो. देणाऱ्यास समाधान वाटतें. घेणारा "नको" म्हणत नाहीं, कारण गरिबाला "नको" म्हणणें परवडत नाहीं. मूळ अडचण मात्र होती तेथेंच राहते.

म्हणून ज्या मंडळ्या, भगिनीसमाज व तरुणसंघ आपल्या गांवांत कांहीं सेवाकार्य करूं इच्छितात, त्यांनीं प्रथम या प्रश्नाचा अभ्यास केला पाहिजे कीं, गरज ओळखावी कशी? याचें उत्तर देणारें एक उदाहरण डहाणू तालुक्यांत घडलेलें आहे.

१. बोर्डीची बालवाडी

डहाणू व तलासरी हे तालुके पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होते. १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यांत आहेत. पश्चिमेस समुद्र व बागाईत, पूर्वेस माळ, जंगल व डोंगर, आणि त्या डोंगराळ भागांत पाड्यापाड्यांनीं विखुरलेली वारली व इतर आदिवासी लोकांची वस्ती, असा हा मुलूख आहे. २०११ च्या शिरगणतींत तलासरी तालुक्यांतील दर दहा माणसांपैकीं सुमारें नऊ आदिवासी होतीं.

बोर्डी हें डहाणू तालुक्याच्या किनाऱ्यावरील गांव. तेथें १९४५ सालीं श्रीमती ताराबाई मोडक यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. त्यापूर्वीं भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं लहान मुलांच्या शिक्षणाचें काम केलें होतें, व १९२६ सालीं स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या कार्यांत त्यांचा प्रमुख वांटा होता. मादाम माँटेसोरी यांची पद्धति त्यांना उत्तम अवगत होती. पण त्या पद्धतीच्या शाळा बहुतेक शहरांतल्या, आणि तेथील मुलें सुखवस्तु घरांतलीं. खेड्यांतील गरिबाच्या मुलापर्यंत ती पद्धति कशी न्यावी हा प्रश्न घेऊन त्या बोर्डीस आल्या. तेथें श्रीमती अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या.

बालवाडी उघडली, पण ज्या गरीब वस्त्यांतील मुलांची विशेष काळजी होती, तीं मुलें येईनात.

२. येईनात, तर कां येईनात?

अशा प्रसंगीं मनुष्य दोन तऱ्हांनीं बोलूं शकतो. "या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं" असें म्हटलें म्हणजे दोष त्यांच्या पदरांत पडतो व आपण मोकळे होतों. "तीं येत नाहींत, तर आपण कोठें जावें?" असें म्हटलें म्हणजे कामाला तेथून आरंभ होतो. वाचकहो, पहिलें वाक्य आपल्या तोंडीं किती सहज येतें याचा विचार करा. तें वाक्य निरुपद्रवी नाहीं. त्यानें एका संबंध वस्तीवर आळसाचा शिक्का बसतो, आणि पुढें कोणी त्या वाटेस जात नाहीं.

या दोघी बाई वस्तींत गेल्या, आणि मुलें जेथें खेळत होतीं त्या अंगणांतच त्यांनीं बालवाडी भरविली. प्रथम स्वच्छता, म्हणजे हातपाय धुणें, नखें काढणें, केंस विंचरणें. मग गाणीं, गोष्टी व खेळ. शहरी बालशाळेंतलें महाग साहित्य येथें कामाचें नव्हतें. शंख-शिंपले, खडे, बिया व पानें यांवर मुलें मोजावयास व ओळखावयास शिकूं लागलीं. या रीतीस अंगण बालवाडी म्हणत. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें लहान मुलांच्या आहार, आरोग्य व शिक्षणासाठीं देशभर योजना आरंभिली; तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव आहे.

३. कोसबाडची टेकडी

१९५७ सालीं हें काम डहाणू तालुक्यांतीलच कोसबाडच्या टेकडीवर नेण्यांत आलें. आतां चहूंकडे वारली वस्ती होती, आणि शाळेपुढें पुन्हा तीच अडचण उभी राहिली कीं, मुलें येत नाहींत. परंतु हजेरीपटावर "गैरहजर" हा एकच शब्द लिहिला जात असला, तरी त्याच्या मागचीं कारणें एक नव्हतीं.

आठ-दहा वर्षांची मुलगी घ्या. आईबाप मजुरीस गेलेले, आणि धाकटें भावंड तिच्या कडेवर. तिला शाळा नको आहे असें नाहीं. कडेवरचें मूल कोणाच्या हवालीं करावें हा तिचा प्रश्न आहे. यावर कोसबाड येथें विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं तिन्हीं एकत्र आणलीं, म्हणजे तान्हें मूल पाळण्यांत, त्याहून मोठें बालवाडींत, आणि ताई आपल्या वर्गांत.

आतां मुलगा घ्या. तो सकाळीं गुरें घेऊन रानांत जातो. गुरें सोडून तो वर्गांत बसला, तर तीं दुसऱ्याच्या शेतांत शिरतील. त्याच्याकरितां कुरणशाळा निघाली. गुरें जेथें चरतात तेथें शिक्षकानें जावयाचें, आणि तेथेंच शिकवावयाचें.

येथें क्षणभर थांबून विचार करा. कोणी उदार गृहस्थानें या सर्व मुलांना नवे कपडे वाटले असते, तर काय झालें असतें? मुलें आनंदलीं असतीं. पण दुसऱ्या दिवशीं मुलीच्या कडेवर भावंड असतेंच, आणि मुलापुढें गुरें असतींच.

हाच न्याय पुढें याच जिल्ह्याच्या दक्षिणेकडे लागू झालेला दिसतो. भाताची कापणी झाल्यावर पुष्कळ आदिवासी कुटुंबें वीटभट्ट्यांवर कामास जातात, आणि मुलेंही त्यांच्याबरोबर गांव सोडतात. १९९० नंतरच्या दशकांत वसई भागांतील विधायक संसद या संस्थेनें अशा मुलांसाठीं भट्ट्यांवरच शाळा भरविल्या. भट्टीवरील मजुराच्या झोंपडीस भोंगा म्हणतात. त्यावरून त्यांस भोंगाशाळा हें नांव पडलें.

४. दान कीं हक्क?

ज्या वर्षीं बोर्डीस बालवाडी निघाली, त्याच १९४५ सालीं दुसरी एक गोष्ट घडली. त्या काळीं वारली लोकांस जमीनदाराच्या शेतावर वेठीनें राबावें लागे. लग्नासाठीं काढलेल्या कर्जापायीं नवराबायकोंस धनकोच्या घरीं गडी म्हणून राहावें लागे. सायमिंग्टन नांवाच्या अधिकाऱ्यानें मुंबई सरकारास सादर केलेल्या अहवालांत ही स्थिति कांहीं वर्षें आधींच नमूद झाली होती. तरीही वेठ चालूच होती. मे १९४५ मध्यें, आज तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी या गांवीं, किसान सभेच्या परिषदेस हजारों वारली जमले, आणि त्यांनीं वेठ न करण्याचा निश्चय केला. शामराव व गोदावरी परुळेकर हे त्यांचे पुढारी होते.

त्या चळवळीचें राजकारण कोणास पटो वा न पटो. परोपकार करणाऱ्यानें त्यांतून एक धडा घेतला पाहिजे. त्या लोकांस कोणी धान्य वांटलें असतें, तर एका दिवसाची भूक भागली असती. त्यांची मोठी गरज ही होती कीं, श्रमाचें मोल मिळावें व जुलूम थांबावा. आणि ती गरज त्यांनीं स्वतः बोलून दाखविली.

आजही हा भेद ओळखला पाहिजे. एखाद्या विधवेच्या घरीं तांदूळ नाहीं, याचें कारण तिला शिधापत्रिकाच मिळालेली नाहीं असें असूं शकेल. रोजगार हमीची मजुरी अडकलेली असेल, किंवा २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणें केलेला जमिनीचा दावा पडून असेल. अशा वेळीं शेरभर तांदूळ द्यावाच. पण एक दिवसाची रजा काढून तिच्याबरोबर तहसील कचेरींत जाणें हें त्याहून मोठें दान होय.

५. भूकंपाच्या वेळीं

नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास व तलासरी भागांत भूकंपाचे धक्के वारंवार बसूं लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजींचा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. लोक थंडींत घराबाहेर निजूं लागले, आणि त्यांच्यासाठीं तंबू आणण्यांत आले. तंबूची गरज खरीच होती. पण तंबू आला म्हणजे प्रश्न सुटला काय? कुडाच्या हलक्या झोंपडीस जितकें भय, त्याहून वेगळें व अधिक भय विटांच्या कच्च्या बांधणीच्या घरास. रात्रीं म्हाताऱ्या माणसास उचलून बाहेर कोण आणील? उघड्या घरांतील दाणागोटा कोण राखील? याचीं उत्तरें घरागणिक निराळीं, म्हणून चौकशीही घरागणिकच झाली पाहिजे.

६. आपल्या गांवीं हें कसें करावें?

पहिलें, न आलेल्यांची यादी करा. शाळेंत, दवाखान्यांत, सभेंत कोण आलें हें सर्वांस दिसतें. कोण आलें नाहीं तें शोधावें लागतें. यादी संबंध पाड्याची असावी. आपल्याच मंडळीच्या घरांवर ती संपूं नये.

दुसरें, त्यांच्या सवडीच्या वेळीं जा. भर दुपारीं पाड्यावर म्हातारीं व मुलें यांवांचून कोणी भेटत नाहीं. भगिनींनीं बायांशीं वेगळें बोलावें. पुरुषांसमोर त्या आपली अडचण क्वचितच सांगतात.

तिसरें, "तुम्हांला काय पाहिजे?" असें एकदम विचारूं नका. देणाऱ्याजवळ जें असेल असें वाटतें, तेंच मनुष्य मागतो. "कालचा दिवस कसा गेला?" असें विचारा, आणि ऐका. पहांटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस ऐकला म्हणजे गांठ कोठें बसली आहे तें आपोआप कळतें.

चवथें, वस्तूची उणीव आहे कीं हक्काची अडवणूक, तें ठरवा.

पांचवें, लहान आरंभ करा व महिन्यानें परत जाऊन पाहा. दिलेली वस्तु कोपऱ्यांत पडली असेल, तर घेणाऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपली समजूत तपासा.

सहावें, काम त्या गांवच्याच हातीं द्या. कोसबाड येथें बालवाड्या चालविण्यासाठीं बायांना शिक्षण दिलें गेलें, म्हणून काम दोन व्यक्तींपुरतें राहिलें नाहीं. १९८२ सालीं अनुताई व श्री. रमेश पानसे यांनीं ग्राममंगल ही संस्था स्थापिली, आणि तिनेंही डहाणू तालुक्यांतील आदिवासी मुलांचें शिक्षण हातीं घेतलें.

ताराबाईंस १९६२ सालीं पद्मभूषण व अनुताईंस १९८५ सालीं पद्मश्री हे सन्मान मिळाले. १९७३ सालीं ताराबाई व १९९२ सालीं अनुताई निवर्तल्या. अंगण, पाळणाघर व कुरण हीं त्यांच्या कामाचीं तीन ठिकाणें लक्षांत ठेवा. तीं तिन्हीं ठिकाणें न आलेल्या मुलांनींच त्यांना दाखविलीं.

विचारासाठीं प्रश्न

१. आपल्या गांवांतील शाळेंत, दवाखान्यांत किंवा सभेंत कोणत्या घरचें कोणी कधींच येत नाहीं? त्याचें कारण आपण प्रत्यक्ष विचारलें आहे, कीं केवळ तर्क केला आहे?

२. गेल्या वर्षीं आपल्या मंडळीनें जें दान दिलें, त्याचा उपयोग झाला कीं नाहीं, हें पाहावयास कोण परत गेलें?

३. आपल्या पाड्यावरील कोणत्या अडचणीवर वस्तु देऊन भागणार नाहीं, तर कोणाबरोबर तरी चालत जावें लागेल?