सापडलेल्या धनाचा राखणदार

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर धरून माणसांच्या दोन रांगा ते वाळूवर ओढून आणतात. जाळ्यात कधी बांगडे येतात, कधी तारल्या येतात, तर कधी नुसते शेवाळ हाती लागते. जे येईल ते ठरलेल्या वाट्यांप्रमाणे वाटले जाते. ही मासळी मूळची कोणाची, असे तेथे कोणी विचारीत नाही. पाण्यात पोहणाऱ्या माशाला धनी नसतो; श्रम करून जो त्यास पकडतो, त्याचा तो होतो.

त्याच वाळूवर भरतीबरोबर दुसऱ्याही कितीतरी वस्तू येतात. शिंपले येतात, नारळ येतात. वादळानंतर कधी एखादे वल्हे किंवा तुटलेल्या जाळ्याचा मोठा तुकडाही येऊन पडतो. शिंपला उचलणाऱ्या मुलास कोणी अडवीत नाही. परंतु ते जाळे कोणीतरी पैसे मोजून घेतलेले असते. ते कितीदा फाटलेले आणि कितीदा शिवलेले असते. समुद्राने ते धन्याच्या हातून हिसकावून नेले, म्हणून त्याची मालकी पाण्याबरोबर वाहून गेली असे होत नाही. शिंपला मिळतो, जाळे सापडते. जे सापडते, ते त्याआधी कोणाचे तरी हरवलेले असते. एवढी एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवली, तर सापडलेल्या वस्तूविषयीचे बहुतेक प्रश्न सुटतात.

पैशांच्या बाबतीत मात्र ही गोष्ट विसरणे फार सोपे असते. जाळ्यावर धन्याच्या हाताची खूण असते. नोटेवर कोणाचेही नाव नसते. ती एका हातातून दुसऱ्या हातात गेली की आपली दिसू लागते. असे समजा की, मे महिन्याच्या अखेरीस मालवणच्या बाजारात एका मुलास रुमालात बांधलेली आठ हजार रुपयांची पुरचुंडी सापडली. आजूबाजूला गर्दी आहे. कोणाचेही लक्ष नाही. मुलाच्या दृष्टीने तो केवळ नोटांचा गठ्ठा आहे. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत अनेक घरांची मिळकत थांबते किंवा अगदी थोडी उरते. ती पुरचुंडी मासळी विकणाऱ्या एखाद्या बाईने पावसाळ्यासाठी गाठीस बांधलेली असेल. त्यात घरचे तांदूळ असतील, मुलीची वह्यापुस्तके असतील, जाळ्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता असेल. नोटा मोजून रक्कम कळते. तिच्यावर कोणाचे किती अवलंबून आहे, हे मोजता येत नाही.

अशा वेळी मन निरनिराळी कारणे पुढे करू लागते. ‘कोणी पाहिले नाही,’ हे पहिले कारण. परंतु कोणी पाहिले की नाही, यावरून वस्तू कोणाची हे ठरत नाही. काळोखात घेतलेली वस्तू उजाडल्यावरही दुसऱ्याचीच असते. ‘मी घेतले नाही तर दुसरा कोणी घेईल,’ हे दुसरे कारण. दुसरा काय करील हे त्याच्या हाती आहे. आपल्या हाती आपलेच वर्तन असते. ‘त्याने सांभाळून का ठेवले नाही?’ असेही मन म्हणते. पण निष्काळजीपणाची शिक्षा म्हणून त्याची सारी पुंजी आपण घ्यावी, असा अधिकार आपणांस कोणी दिला?

चौथे कारण या सर्वांहून अवघड आहे. सापडणाराच गरीब असला तर? त्याच्या घरी आजारी माणूस असेल, शाळेचा खर्च अडला असेल. त्याच्या मनातील ओढाताण खरी आहे आणि तिला हसणे बरे नव्हे. तथापि गरजेने पैशाचा मालक बदलत नाही. अडचण असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांस, शिक्षकांस, नातलगांस ती उघडपणे सांगता येते. मागितलेली मदत माणूस ताठ मानेने घेऊ शकतो. लपविलेले पैसे मात्र त्यास सदैव लपवावे लागतात. शिवाय हरविणाराही तितकाच किंवा अधिक गरजू असू शकतो, आणि त्याची बाजू मांडण्यास तो त्या ठिकाणी हजर नसतो.

मग सापडलेले धन हाती आलेल्या माणसाने स्वतःस काय समजावे? यासाठी कोकणात एक सुंदर शब्द आधीच आहे: राखणदार. गावाला, वाडीला, झऱ्याला, देवराईला राखणदार असतो, अशी येथील जुन्या लोकांची श्रद्धा आहे. राखणदार देवराईचे रक्षण करतो. ती तोडून नेत नाही. सापडलेली वस्तू ज्याच्या हाती येते, तो असाच तिचा काही काळाचा राखणदार असतो.

ही समजूत फार जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत हरवलेल्या मालाविषयी नियम आहे. जकात घेणाऱ्या किंवा ठाण्यावरील अधिकाऱ्यांनी असा माल मिळवून आणला, तर एका वर्षाच्या आत मालकाने तो घ्यावा. त्यानंतर तो राजाकडे जावा. मनुस्मृतीत ही मुदत तीन वर्षांची आहे. ‘ही वस्तू माझी’ असे म्हणणाऱ्याने तिचे रूप, संख्या इत्यादी सांगून आपले म्हणणे पटवावे, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे मालकास अवधी द्यावा आणि खोट्या मालकापासून वस्तू जपावी, या दोन्ही गोष्टींचा विचार त्या काळी झालेला होता.

समुद्रकिनाऱ्यावरचा रिवाज मात्र वेगळा होता. छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणजवळच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. पुढे १६७४ साली, राज्याभिषेकाच्या सुमारास, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला. वादळात सापडून किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची जहाजे व त्यांवरील माल त्यांस परत मिळावा, असे त्यांतील एक कलम होते. मराठ्यांनी त्यास हरकत घेतली. कारण कोकणपट्टीच्या जुन्या रिवाजाप्रमाणे असा माल राज्याचा होत असे. हा रिवाज केवळ कोकणचा नव्हता. इंग्लंडमध्येही फुटलेल्या जहाजाच्या मालावर राजा हक्क सांगत असे.

परंतु रिवाज जुना असला म्हणजे त्याविषयीचा विचार संपला असे नाही. वादळाने ज्याचे जहाज फोडले, त्याच्यावर एक संकट आधीच कोसळलेले असते. त्याचा वाचलेला मालही काढून घेणे म्हणजे त्यास दुसऱ्यांदा बुडविणे होय. कालांतराने हा विचार कायद्यात उतरला. स्वतंत्र भारताच्या १९५८ सालच्या व्यापारी नौवहन अधिनियमात, किनाऱ्यास लागलेला असा माल सरकारी अधिकाऱ्याच्या स्वाधीन करावा आणि मालकाने एका वर्षाच्या आत आपला हक्क शाबीत केल्यास त्यास तो परत द्यावा, अशी तरतूद करण्यात आली. याज्ञवल्क्याने सांगितलेली मुदतही एका वर्षाचीच होती.

रस्त्यावर सापडलेल्या वस्तूविषयीही कायद्याने असाच विचार केला आहे. १८७२ सालच्या भारतीय करार अधिनियमाप्रमाणे, दुसऱ्याची सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो, त्याच्यावर ठेव सांभाळणाऱ्यासारखी जबाबदारी येते. १८६० सालच्या दंडसंहितेत याविषयी काही बोलके दाखले होते, आणि १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय न्याय संहितेतही तोच नियम कायम आहे. हमरस्त्यावर पडलेला एक रुपया, तो कोणाचा हे ठाऊक नसताना कोणी उचलला, तर तेवढ्याने तो गुन्हा होत नाही. परंतु एखाद्याची थैली पडताना कोणी पाहिली, परत देण्यासाठी ती उचलली आणि मागाहून विचार बदलून स्वतःसाठी वापरली, तर मात्र गुन्हा होतो. मालक ठाऊक असेल किंवा शोधून काढता येण्यासारखा असेल, तर त्याचा शोध घेणे आणि वाजवी काळ वस्तू जपून ठेवणे हे कर्तव्य ठरते. जितकी वस्तू मोलाची आणि जितकी तिच्यावरील खूण स्पष्ट, तितका शोध अधिक.

पैसे सापडण्याचे आणखीही काही प्रकार आहेत. दुकानदार चुकून पन्नासाच्या नोटेऐवजी शंभराची परत देतो. भ्रमणध्वनीवरून पाठविलेली कोणाची तरी रक्कम एक आकडा चुकल्याने भलत्याच खात्यात जमा होते. येथे वाटेवर काही पडलेले नसते, परंतु गोष्ट तीच असते. चुकीने मिळालेले पैसे परत केले पाहिजेत, असे करार अधिनियम सांगतो. घराचा पाया खणताना जमिनीत पुरलेले द्रव्य सापडले आणि ते दहा रुपयांहून अधिक किमतीचे असले, तर १८७८ सालच्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे लागते.

परत करण्याची इच्छा असली तरी रीत ठाऊक असावी लागते. सापडलेली रक्कम किती आहे आणि कशात बांधलेली आहे, हे चारचौघांत ओरडून सांगू नये. नाहीतर दहा मालक पुढे येतील. ‘काही पैसे सापडले आहेत’ एवढेच सांगावे आणि मागणाऱ्यास खूण विचारावी: रुमालाचा रंग कोणता, नोटा कोणत्या, गाठ कशी होती? एस. टी. गाडीत सापडलेली पिशवी वाहकाकडे किंवा स्थानकावरील वाहतूक नियंत्रकाकडे द्यावी. मोठी रक्कम असल्यास घरातील वडील माणसास बरोबर घेऊन पोलीस ठाण्यात जावे आणि नोंद करून घ्यावी. बेवारस मालमत्ता ताब्यात घेणे हे महाराष्ट्रात पोलिसांचे कर्तव्यच आहे.

पुष्कळ माणसे सापडलेले पैसे देवळातील पेटीत टाकतात. स्वतःसाठी काही ठेवू नये, हा त्यांचा हेतू चांगला असतो. पण मालकाचा शोध न घेता असे करणे म्हणजे परक्याच्या पैशाने दान करणे होय. सर्व शोध करूनही मालक मिळाला नाही आणि रक्कम अगदी थोडी असली, तर ती सत्कार्यास लावणे योग्य. आधी मात्र नव्हे. आणि मालकाने आनंदाने काही बक्षीस दिले तर? ते घेण्यात कमीपणा नाही. जाहीर केलेले बक्षीस मिळविण्याचा हक्क सापडणाऱ्यास कायद्यानेही दिला आहे. परंतु आधी बक्षीस ठरवा, मगच पाकीट देतो, अशी घासाघीस राखणदारास शोभत नाही.

‘आजकाल असे कोण परत करतो?’ असा प्रश्न नेहमी ऐकू येतो. काही संशोधकांनी त्याचे उत्तर प्रत्यक्ष शोधले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात भारतासह ४० देशांतील ३५५ शहरांत सतरा हजारांहून अधिक पाकिटे वापरली होती. बँक, टपाल कचेरी, हॉटेल अशा ठिकाणच्या कर्मचाऱ्याच्या हाती ‘हे रस्त्यात सापडले’ असे सांगून पाकीट द्यावयाचे आणि तो मालकास कळवितो की नाही हे पाहावयाचे, अशी त्यांची रीत होती. पाकिटात पैसे असले तर ती कमी परत येतील, असा पुष्कळांचा तर्क होता. घडले उलटेच. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी शेकडा सुमारे ४० पाकिटांविषयी मालकास कळविले गेले. पैसे असलेल्यांपैकी शेकडा ५१. तीन देशांत काही पाकिटांत बरीच मोठी रक्कम ठेवली, तेव्हा तेथे हे प्रमाण शेकडा ७२ पर्यंत चढले. रक्कम जितकी मोठी, तितके ती ठेवून घेणे चोरीसारखे वाटते आणि आपण चोर आहोत असे स्वतःस म्हणणे माणसास नकोसे होते, असे संशोधकांनी त्याचे एक कारण दिले. दुसऱ्याच्या हानीची कळकळ हे दुसरे कारण होय.

अर्थात सर्वच पाकिटे परत आली नाहीत, हेही तितकेच खरे. जी आली नाहीत, त्यांच्यापाशीही तेच दोन मार्ग होते. ज्याच्या हाती सापडलेले धन येते, त्याच्यापुढे ते असतातच. बाजारातून रडवेल्या चेहऱ्याने आलेल्या वाटेने परत फिरणारी, प्रत्येक दुकानाच्या पायरीशी वाकून पाहणारी ती मासळी विकणारी बाई आपली पुरचुंडी कोणाच्या हाती पडली हे जाणत नाही. ती हरवलेली असते फक्त तिच्यापुरती. राखणदाराच्या हाती पडली असेल, तर ती सुरक्षित असते.

स्वाध्याय

१. ‘शिंपला मिळतो; जाळे सापडते,’ या वाक्यातील दोन क्रियापदांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
२. मे महिन्याच्या अखेरीस हरवलेल्या पैशांचे मोल मच्छीमार कुटुंबास अधिक का वाटते?
३. पैसे ठेवून घेण्यासाठी मन कोणती चार कारणे पुढे करते? त्यांपैकी कोणते तुम्हांस सर्वांत अवघड वाटते? का?
४. १६७४ सालच्या तहातील कोणत्या कलमास हरकत घेण्यात आली? तो रिवाज योग्य होता असे तुम्हांस वाटते काय?
५. सापडलेली रक्कम सर्वांसमक्ष का सांगू नये?
६. तुमच्या वर्गात एका मुलीस शंभर रुपयांची नोट सापडली आहे. तीन मुले ‘ती माझी’ असे म्हणतात. खरा मालक कसा ओळखाल? आठ-दहा ओळी लिहा.