घेतलेली विद्या, दिलेली विद्या : फुटबॉलपटू आणि प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी

खेळाडूची मैदानावरील कारकीर्द अल्प असते. तिशी ओलांडली की पाय साथ देईनासे होतात. मग अंगी मुरलेल्या विद्येचे काय करावे? प्रदीपकुमार बॅनर्जी यांच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर सापडते.

त्यांचा जन्म २३ जून १९३६ रोजी जलपाईगुडी येथे झाला. बालपण जमशेदपुरात गेले. पंधराव्या वर्षीच ते संतोष करंडक स्पर्धेत बिहारकडून खेळले. त्या काळी कोलकात्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन स्पोर्टिंग या तीन क्लबांचे साम्राज्य होते. बॅनर्जी मात्र रेल्वेची नोकरी करीत ईस्टर्न रेल्वेच्या संघातून खेळत राहिले. १९५८ साली याच नोकरदारांच्या संघाने तिन्ही बलाढ्य क्लबांना मागे टाकून कोलकाता लीग जिंकली.

उजव्या बाजूने मुसंडी मारणारे आघाडीचे खेळाडू म्हणून ते ख्यातनाम झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, त्या संघात ते होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये ते कर्णधार होते. फ्रान्सविरुद्ध १-१ अशा बरोबरीत सुटलेल्या सामन्यातील भारताचा गोल त्यांचाच.

या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. पुढे बचावपटू जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. रहीम यांनी त्यांना संघाबाहेर न बसवता आघाडीला खेळवले. अंतिम सामन्यात त्याच कोरियावर भारताने २-१ असा विजय मिळवला. पहिला गोल बॅनर्जींचा, दुसरा जर्नेलसिंगांचा! स्वतः खेळाडूलाही न दिसलेले सामर्थ्य ओळखणे, हेच शिक्षकाचे काम. पुढच्याच वर्षी रहीम कर्करोगाने निवर्तले. पण तो धडा मागे राहिला.

१९६७ मध्ये बॅनर्जींनी खेळातून निवृत्ती घेतली. अर्जुन पुरस्कार मिळवलेला हा खेळाडू १९६९ साली पुन्हा विद्यार्थी झाला आणि जपानमध्ये जर्मन प्रशिक्षक डेटमार क्रामर यांच्या वर्गात बसला. चांगले खेळता येणे आणि चांगले शिकवता येणे या दोन भिन्न विद्या आहेत, हे त्यांनी जाणले होते. १९७० च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत जी. एम. बाशा यांच्यासमवेत त्यांनी भारताला कांस्यपदक मिळवून दिले.

१९७५ च्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० असे नमवले. पुढे त्याच मोहन बागानचे ते प्रशिक्षक झाले आणि १९७७ मध्ये पेले यांच्या न्यूयॉर्क कॉसमॉसशी त्यांच्या संघाने २-२ अशी बरोबरी साधली. सामन्यापूर्वी ते शब्दांनी खेळाडूंत चैतन्य भरीत; त्याला सारे ‘व्होकल टॉनिक’ म्हणत. १९९७ च्या फेडरेशन कप उपांत्य सामन्यात सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षकांसमोर सिक्कीमच्या एका खेड्यातून आलेल्या बायचुंग भुतिया या शिष्याने तीन गोल केले. ईस्ट बंगाल ४-१ असा जिंकला.

२० मार्च २०२० रोजी बॅनर्जी कोलकात्यात निवर्तले. रहीम, बॅनर्जी, भुतिया अशी ही विद्येची साखळी आहे. परंतु इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक कटू सत्यही नोंदवले पाहिजे. १९७० नंतर आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताला फुटबॉलचे एकही पदक मिळालेले नाही. एकट्यादुकट्या थोर प्रशिक्षकाच्या बळावर साखळी टिकत नाही. तिला गावोगावी हात लागतात.

माजी विद्यार्थ्यांनो, या शाळेने आपल्याला अक्षर दिले, कुणाला खेळ दिला, कुणाला कला दिली. आपण मिळवलेल्या यशाची यादी या अंकात असेलच. आपण ते कुणाला शिकवले, ही दुसरी यादी मात्र अजून लिहावयाची आहे. वसतिगृहामागच्या मैदानावर आजही सायंकाळी मुले चेंडू घेऊन उतरतात. शिकवणाऱ्याची जागा तिथे रिकामी आहे.