कात्रजच्या दुकानदाराला जीएसटी नेमका कितीला पडतो?

जीएसटी नंबर काढायला सरकार एक रुपयाही घेत नाही. रिटर्न भरायलाही नाही. तरी पैसे जातात, आणि ते तीन वाटांनी जातात: सल्लागाराची फी, चुकलेल्या तारखांचं विलंब शुल्क आणि चुकीची पद्धत निवडल्यामुळे फुकट भरलेला कर. फी तुम्ही ठरवून देता. उरलेल्या दोन वाटा बंद करता येतात.

आधी बघा, तुम्हाला नंबर लागतो का. ‘४० लाखांपर्यंत काही नाही’ हे सगळ्यांना पाठ आहे, पण ते अर्धंच खरं आहे. ४० लाखांची मर्यादा फक्त निव्वळ माल विकणाऱ्याला आहे. सेवा आली की ती २० लाखांवर येते. सलून, झेरॉक्स, गॅरेज यांना २० लाख. मोबाइल विकता आणि दुरुस्तही करता? २० लाख. चहा-नाश्ता कायद्याच्या लेखी सेवाच आहे. म्हणजे भारती विद्यापीठाच्या आसपास रोज साडेपाच हजारांचा गल्ला जमवणारं स्नॅक्स सेंटर वर्षभरात ही रेघ ओलांडतं.

याहून मोठा खड्डा किराणावाल्यांसाठी आहे आणि त्याबद्दल फार कमी जण सांगतात. आइस्क्रीम, पानमसाला किंवा तंबाखूजन्य माल विकणाऱ्यांना ४० लाखांची सवलतच नाही. कोपऱ्यात आइस्क्रीमचा फ्रीज आहे, वर तंबाखूच्या पुड्यांची माळ लटकते आहे, तर तुमच्या संपूर्ण दुकानाची मर्यादा २० लाख. त्या फ्रीजमधून वर्षाकाठी काय सुटतं आणि त्यापायी काय गळ्यात पडतं, याचा हिशेब एकदा मांडा.

दुधावर कर नाही, पण दूध उलाढालीत मोजलं जातं. कात्रज डेअरीच्या पिशव्यांचा रोजचा मोठा खप असेल आणि बरोबर बिस्किटं-साबणही असतील, तर मर्यादा मोजताना दुधासकट सगळी विक्री धरा. फक्त करमुक्त मालच विकत असाल, म्हणजे नुसती ताजी भाजी किंवा नुसतं दूध, तर विक्री कितीही असली तरी नंबर लागत नाही.

‘यूपीआयवर घेतो, कोणाला कळतंय’ हा मार्ग आता उरलेला नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात राज्याच्या कर विभागाने यूपीआयच्या जमा रकमा पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा धाडल्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला सुमारे २९ लाखांची नोटीस आली होती. करमुक्त मालाच्या जुन्या थकबाकीच्या मागे लागणार नाही असं सरकारला नंतर जाहीर करावं लागलं, पण तोवर कित्येकांनी क्यूआर कोड उतरवून ठेवले होते. तुम्ही कोड उतरवू नका. दुकानाचा कोड वेगळा ठेवा. भिशीचे पैसे, मेहुण्याने परत केलेली उसनवारी, मुलाच्या क्लासची फी यांतलं काहीही दुकानाच्या खात्यावर घेऊ नका. उद्या ते सगळं विक्री म्हणून मोजलं गेलं, तर ‘ही विक्री नाही’ हे सिद्ध करणं तुमच्यावर येईल.

मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. न केल्यास दंड १०,००० रुपये किंवा बुडालेल्या कराइतका, यातला जो जास्त तो.

नंबर काढताना

अर्ज जीएसटी पोर्टलवर घरबसल्या होतो. पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा लागतो. बँक खातं नंबर मिळाल्यावर ३० दिवसांत जोडता येतं. जागा स्वतःची असेल तर महावितरणचं बिल किंवा महापालिकेची मिळकतकराची पावती यातलं एक पुरतं. भाड्याची असेल तर भाडेकरार आणि मालकाचं यातलं एक कागदपत्र. करार नोंदणीकृत नसेल तर मालकाचा ओळखीचा पुरावाही जोडावा लागतो.

कात्रज, संतोषनगर, आंबेगावच्या गुंठेवारीतल्या इमारतींमध्ये गाळा असलेल्यांना ‘सातबारा आणा, पूर्णत्वाचा दाखला आणा’ असं सांगून घाबरवलं जातं. ते लागत नाही. यादीबाहेरचे कागद मागू नयेत, अशी लेखी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने १७ एप्रिल २०२५ ला आपल्या अधिकाऱ्यांना दिली आहे. ‘वर द्यावे लागतात’ म्हणून कोणी जादा पैसे मागितले, तर ही तारीख सांगा.

भाडेकरार मात्र नोंदवाच. महाराष्ट्रात तो नोंदवणं कायद्याने बंधनकारक आहे. २०,००० भाडं, ११ महिने आणि लाखभर अनामत धरली, तर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीतलं नोंदणी शुल्क १,००० रुपये होतं. त्यावरचं बाकी सगळं एजंटचं आणि किरकोळ हाताळणीचं. ते वेगळं लिहून मागा.

आधारची पडताळणी नीट झाली तर नंबर सात कामकाजाच्या दिवसांत मिळतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून छोट्यांसाठी तीन दिवसांची सोपी वाटही आहे. मात्र नोंदणीकृत ग्राहकांना दिलेल्या मालावरचा तुमचा कर महिन्याला अडीच लाखांच्या आत असावा लागतो. अर्ज ‘जोखमीचा’ ठरला किंवा जागा बघायला अधिकारी यायचा असेल, तर ३० दिवस धरा. ई-मेलवर बोटांच्या ठशांसाठी वेळ घ्यायची लिंक आली, तर मूळ कागद घेऊन जीएसटी सुविधा केंद्रावर जावं लागतं. त्यालाही शुल्क नाही.

कंपोझिशन की नियमित? खरे पैसे इथे आहेत

कंपोझिशन म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरायचा. गिऱ्हाईकाकडून घ्यायचा नाही आणि खरेदीवरच्या कराची वजावटही मिळत नाही. मालासाठी मर्यादा दीड कोटी. व्यापाऱ्याला दर १ टक्का, तोही फक्त करपात्र मालावर. समजा किराण्याची विक्री महिन्याला ५ लाख आहे आणि त्यात दीड लाखाचं दूध आहे. कर साडेतीन लाखांवर, म्हणजे ३,५०० रुपये. तिमाहीला १०,५०० रुपये, चार चलनं आणि वर्षाला एक रिटर्न. एकट्याने दुकान चालवणाऱ्या किराणावाल्याला हे बहुतेक वेळा परवडतं.

सेवावाल्यांनी मात्र आंधळेपणाने कंपोझिशन घेऊ नये. सलूनला कंपोझिशनमध्ये ६ टक्के स्वतःच्या खिशातून भरावे लागतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून नियमित सलूनचा दर ५ टक्के आहे आणि तो गिऱ्हाईकाच्या बिलात लावता येतो. हॉटेलला दोन्हीकडे ५ टक्केच, फरक फक्त कोणाच्या खिशातून जातात एवढाच. बिलावर पाच टक्के वाढवले तर गिऱ्हाईक टिकेल का, हे तुम्हालाच ठाऊक. वीस रुपयांच्या वडापाववर ते जमत नाही.

निर्णय घेण्याआधी भाडंही मोजा, कारण सर्वांत लपलेला खर्च तिथेच आहे. १० ऑक्टोबर २०२४ पासून गाळामालकाकडे जीएसटी नंबर नसेल आणि तुमच्याकडे असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर तुम्ही भरायचा. २०,००० भाड्यावर महिन्याला ३,६००, वर्षाला ४३,२०० रुपये. नियमित पद्धतीतल्या किराणा किंवा हार्डवेअरवाल्याला याची वजावट मिळते. त्याचे पैसे अडकतात, बुडत नाहीत. पण ५ टक्क्यांत बसणाऱ्या हॉटेलला, सलूनला वजावटच नाही. त्यांचे ४३,२०० गेले ते गेले. कंपोझिशनवाल्यांना १६ जानेवारी २०२५ पासून या नियमातून वगळलं आहे. म्हणजे तीस लाख उलाढालीच्या नाश्ता सेंटरसमोर दोन आकडे आहेत: कंपोझिशनमध्ये दीड लाख खिशातून, किंवा नियमितमध्ये भाड्यावरचे ४३,२०० खिशातून आणि पाच टक्के गिऱ्हाईकांकडून. मालकाकडे नंबर असेल तर तो १८ टक्के लावूनच बिल देईल, मग कंपोझिशन घेऊनही सुटका नाही. गाळा ठरवतानाच मालकाला विचारा: नंबर आहे का, आणि सांगितलेलं भाडं करासकट की करावेगळं?

तुमचे ग्राहक कंपन्या, ट्रान्सपोर्टवाले किंवा दुसरे दुकानदार असतील, तर त्यांना वजावटीचं बिल हवं असतं. त्यांच्यासाठी नियमित पद्धतच घ्यावी लागते. परराज्यात माल पाठवत असाल तरीही. आधीपासून नंबर असलेल्याला कंपोझिशनमध्ये जायचं तर अर्ज ३१ मार्चच्या आत करायचा. तारीख चुकली तर वर्षभर थांबा.

तारखा

कंपोझिशनचं चलन तिमाही संपल्यावर १८ तारखेपर्यंत, वार्षिक रिटर्न ३० जूनपर्यंत.

नियमित पद्धतीत पाच कोटींच्या आत असाल तर तिमाही रिटर्नचा पर्याय मागून घ्या, तो आपोआप मिळेल असं धरून चालू नका. मग विक्रीचं विवरण तिमाहीनंतर १३ तारखेला आणि कराचं रिटर्न, म्हणजे ३बी, महाराष्ट्रात २२ तारखेला. कर मात्र दरमहाच: तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचं चलन पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. हे चलन विसरणारे पुष्कळ, कारण ‘तिमाही’ म्हटलं की कर पण तिमाहीच असं वाटतं.

उशीर झाला तर रोज ५० रुपये. दीड कोटीच्या आतल्यांना एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. विक्री शून्य असेल तरी रिटर्न भरायचंच. नाही भरलं तर रोज २० रुपये, कमाल ५००. शून्याचं रिटर्न १४४०९ या क्रमांकावर एसएमएस करूनही भरता येतं. त्यासाठी कोणी दरवेळी पाचशे घेत असेल, तर ते देणं बंद करा. कर उशिरा भरल्यास वर १८ टक्के व्याज. दहा हजारांना महिनाभर उशीर झाला तर व्याज दीडशेच्या आत, पण विलंब शुल्क दीड हजार. पैसे कमी पडत असतील तरी विक्रीचं विवरण वेळेवर टाका. तुम्ही ते टाकलं नाही तर तुमच्या व्यापारी ग्राहकाची वजावट अडते, आणि तो दुसरं दुकान शोधतो.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही लागू आहे. मार्केट यार्डातून किंवा इतर घाऊकवाल्याकडून तुम्ही कर भरून माल आणला, पण त्याने विवरण टाकलं नाही, तर वजावट तुमची जाते. दरवेळी रिटर्न भरण्याआधी पोर्टलवरचं २बी, म्हणजे तुमच्या खरेदीच्या बिलांचं विवरण उघडा. ज्या बिलाची नोंद नाही त्याच्या करापुरते पैसे त्या घाऊकवाल्याला चुकते करू नका.

सल्लागार

नोंदणीचे हजार ते तीन हजार, पुढे महिन्याला पाचशे ते दीड हजार असे दर छोट्या दुकानाला साधारण सांगितले जातात. बिलं किती, व्यापारी ग्राहक किती, यावर ते हलतात. आधी विचारा: शून्याच्या महिन्याला किती? नोटिशीचं उत्तर लिहायला किती? आयकराचं रिटर्न यात धरलंय का? तुमच्या चुकीने उशीर झाला तर शुल्क कोण भरणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना जो अडखळेल, तो सोडा.

पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल तुमचेच असले पाहिजेत. पासवर्डही तुमच्याजवळ हवा. अनेक दुकानदारांचा नंबर सल्लागाराच्या मोबाइलवर काढलेला असतो, नोटीस त्याच्याकडे जाते आणि तुम्हाला कळतं तेव्हा मुदत संपलेली असते. आजच लॉगिन करून बघा. जमलं नाही तर संपर्क बदलून घ्या. अधिकृत व्यक्तीचा मोबाइल बदलायचा असेल तर तो दुरुस्ती अर्ज आहे, त्यालाही शुल्क नाही. नोटीस व्हॉट्सॲपवर आली आणि खाली कोणाचा तरी क्यूआर कोड असेल, तर पैसे भरू नका. खरी नोटीस पोर्टलवर दिसते आणि तिच्यावरचा क्रमांक तिथेच पडताळता येतो. अडलं तर जीएसटीची हेल्पलाइन १८००-१०३-४७८६.

बिलासाठी महागडं सॉफ्टवेअर लगेच घेऊ नका. दीड कोटीच्या आतल्यांसाठी पोर्टलवर मोफत हिशेबाची सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत.

जीएसटी सोडून

नंबर निघाला की व्यवसाय कर मागोमाग येतो. स्वतःचा वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनपर्यंत, महाजीएसटी पोर्टलवर. वय ६५ च्या वर असेल तर माफ. कामगार ठेवले असतील तर त्यांचा वेगळा: पुरुषाचा पगार १०,००० च्या वर असेल तर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. बाईंचा पगार २५,००० पर्यंत असेल तर काही नाही. हा कर पगारातून कापून भरायचा असतो. तुम्ही कापलाच नाही, तर तो तुमच्या अंगावर येतो. दोन-चार माणसांच्या दुकानाला शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना पुरते, तिला दरवर्षी नूतनीकरण लागत नाही. उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. त्याचं ‘सर्टिफिकेट’ विकणाऱ्या खासगी वेबसाइटवर पैसे भरू नका.

दुकान बंद करताना नुसतं शटर ओढून जाऊ नका. नंबर रद्द करायचा अर्ज ऑनलाइन आणि फुकट आहे. रद्द होईपर्यंतची सगळी रिटर्न भरा. मग नियमित पद्धतीवाल्यांनी तीन महिन्यांत अंतिम रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१० भरायचं. उरलेल्या मालावर घेतलेली वजावट त्यात परत करावी लागते. हे रिटर्न बहुतेक सल्लागार सांगत नाहीत, कारण तोवर तुम्ही त्यांचे ग्राहक राहिलेले नसता, आणि त्याचं विलंब शुल्क रोज २०० रुपयांनी चढतं. वह्या आणि बिलं ज्या वर्षाची असतील, त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून सहा वर्षं रद्दीत घालू नका.